आकाशातले अतिथी

जून २०१५ मधली एक पावसाळी सकाळ. माझा भाचा तेव्हा पुण्यात पदार्थविज्ञानाचे एम्. एस्सी. करीत होता आणि आमच्याकडेच राहत होता. मी वर्तमानपत्र पसरून चहाची वाट पाहत बसलो होतो, तोच हा पोरगा हातात फोन घेऊन खोलीतून धावत बाहेर आला.

"मामा, आला! सव्वीस वर्षांनी आला!"

आमच्या मातोश्री स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अगं बाई! एवढ्या सकाळी कोण आलंय? त्यांना वर घेऊन ये. मी चहाचं आधण वाढवते."

"आजी, त्याला वर आणायला नको. तो वरच आहे," भाचा म्हणाला आणि त्याने छताकडे बोट दाखवले.

आई क्षणभर गोंधळली. मीही गोंधळलो. मग उलगडा झाला तो असा. हंस नावाच्या तारकासमूहात 'व्ही ४०४ सिग्नी' नावाचा एक तारा आहे. १९३८ साली तो अचानक भडकला आणि मग विझल्यासारखा झाला. १९८९ च्या मे महिन्यात 'गिंगा' या जपानी उपग्रहाला तो पुन्हा भडकलेला दिसला. त्यानंतर सव्वीस वर्षे सामसूम. आणि आता, १५ जून २०१५ रोजी, आपल्याकडे मध्यरात्र होत असताना, 'स्विफ्ट' नावाच्या अमेरिकन उपग्रहावरच्या उपकरणाने वर्दी दिली होती की पाहुणा परत आला आहे. जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांत एकच धावपळ उडाली होती. अशा वार्ता एकमेकांना कळवण्याची त्यांची जी सोय आहे तिला ते अजूनही 'तार' म्हणतात. आपल्याकडची तारसेवा २०१३ साली बंद झाली. आकाशातल्या पाहुण्यांची तार मात्र चालू आहे.

मी मराठीचा अध्यापक. विज्ञानाशी माझा संबंध शालान्त परीक्षेबरोबर संपला. पण भाच्याच्या तोंडचा 'पाहुणा' हा शब्द माझ्या मनात घर करून बसला. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी आपल्याकडे या शब्दाची फोड करतात. ती व्याकरणाच्या कसोटीवर किती टिकते हा वाद आम्हां भाषेच्या मास्तरांपुरता राहू द्या. अर्थ मात्र झकास आहे. प्राचीन चीनमधले दरबारी ज्योतिषीही आकाशात अवचित दिसणाऱ्या ताऱ्याला 'पाहुणा तारा' म्हणत. त्या सकाळपासून मी भाच्याला प्रश्न विचारायला लागलो, ते आजतागायत संपलेले नाहीत. पुढे त्याने संशोधनासाठी हाच विषय धरला, तेव्हा माझी चंगळच झाली. त्या प्रश्नोत्तरांतून मला जे उमगले तेच येथे सांगतो.

क्ष म्हणजे अज्ञात

प्रथम क्ष-किरणांविषयी. १८९५ च्या नोव्हेंबरात विल्हेल्म राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञाला आपल्या प्रयोगशाळेत हे अदृश्य किरण सापडले. ते काय आहेत हे ठाऊक नसल्याने त्याने बीजगणितातल्या अज्ञात राशीचे अक्षर त्यांना दिले. आपल्या बीजगणितात अज्ञात राशी म्हणजे 'क्ष'. तेव्हा मराठीत ते 'क्ष-किरण' झाले. परभाषेतल्या शब्दाचे इतके चपखल भाषांतर क्वचितच साधते. राँटगेनने आपल्या पत्नीच्या हाताचे जे छायाचित्र घेतले, त्यात बोटांची हाडे आणि एका बोटातली अंगठी स्पष्ट दिसते.

दवाखान्यात हे किरण आपल्या हातापायांतून आरपार जातात, हे आपण सर्व जाणतो. म्हणून मी विचारले, "अरे, मग आकाशातले क्ष-किरण हवेतून खाली का येत नाहीत? हवा काय हाडामांसापेक्षा दाट आहे?"

भाच्याचे उत्तर मला फार आवडले. हवा विरळ खरी, पण ती आहे किती उंचवर! आपल्या डोक्यावरच्या साऱ्या हवेचे वजन करू गेले तर ते दहा मीटर खोल पाण्याच्या थराइतके भरते. ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण या थरात वरच्या वरच जिरून जातात. सजीवांच्या दृष्टीने हे उत्तमच, पण खगोलशास्त्रज्ञांच्या दृष्टीने ही मोठीच अडचण. जमिनीवर कितीही मोठी दुर्बीण उभारा, क्ष-किरणांचे आकाश तिला दिसायचे नाही. त्यासाठी हवेच्या वर जायला हवे.

गेले चंद्रासाठी...

असे वर जाण्याची सोय दुसऱ्या महायुद्धानंतरच्या रॉकेटांनी केली. सूर्य क्ष-किरण सोडतो हे त्यांतून लवकरच कळले. पण सूर्य इतका जवळ, आणि तरी त्याचे क्ष-किरण बेताचेच. मग दूरचे तारे तर बोलायलाच नकोत, असा हिशेब लोकांनी मांडला.

रिकार्दो जियाकोनी, ब्रूनो रॉसी, हर्बर्ट गर्स्की आणि फ्रँक पाओलिनी या चौघांनी मात्र नेट धरला. सूर्याचे किरण आदळून चंद्राच्या पृष्ठभागातून क्ष-किरण निघतात का, ते पाहायचे, असा त्यांचा उघड हेतू होता. आधीच्या एका उड्डाणात रॉकेट नीट वर गेले, पण उपकरणांवरची झाकणेच उघडली नाहीत. अखेर १८ जून १९६२ रोजी, मध्यरात्रीच्या सुमारास, न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स येथून 'एरोबी' जातीचे रॉकेट उडाले. स्वतःभोवती फिरत ते दोनशे किलोमीटरांहून अधिक उंच गेले आणि खाली आले. पुरेशा उंचीवर ते राहिले अवघी ३५० सेकंद. म्हणजे सहा मिनिटेही नाहीत. आपल्या घरी एवढ्या वेळात पोहे होत नाहीत!

या सहा मिनिटांत चंद्राचे क्ष-किरण काही दिसले नाहीत. पण वृश्चिक राशीच्या बाजूने किरणांचा असा लोट आला की, पाहणाऱ्यांना प्रथम आपल्या उपकरणाचाच संशय आला. नंतरच्या उड्डाणांनी तो फेडला. सूर्यमालेबाहेरचा क्ष-किरणांचा हा पहिला स्रोत. त्याचे नाव 'स्कॉर्पियस एक्स-१', म्हणजे वृश्चिकेतला पहिला. १९६६ साली दुर्बिणीने त्या जागी पाहिले तर काय, तेथे एक फिकट, निळसर, कोणाच्या खिजगणतीत नसलेला तारा! आणि हिशेब केला तर, आपला सूर्य सर्व प्रकारच्या प्रकाशात मिळून जेवढी ऊर्जा बाहेर टाकतो, तिच्या सुमारे साठ हजार पट ऊर्जा हा एकट्या क्ष-किरणांत टाकतो. चंद्राला शोधायला गेले आणि नवे आकाशच हाती लागले. या कामाबद्दल जियाकोनी यांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

दोघांचा संसार

ही ऊर्जा येते कोठून? येथे आपण जोडीच्या ताऱ्यांकडे येतो. आकाशातले पुष्कळ तारे एकटे नसतात. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतात. त्यांना युग्मतारे म्हणतात. आता अशी कल्पना करा की, या जोडीतला एक तारा आपले आयुष्य संपवून मरण पावला आहे, पण मागे त्याचा घट्ट गोळा उरला आहे. तो गोळा न्यूट्रॉन तारा असेल, तर सूर्याच्या दीडपट वस्तुमान अवघ्या वीस-पंचवीस किलोमीटर व्यासात कोंबलेले. सगळा गोळा पुणे शहराच्या पंचक्रोशीत मावावा. त्याहून जड असेल तर ते कृष्णविवर. त्यातून प्रकाशसुद्धा सुटत नाही. दुसरा तारा मात्र अजून जिवंत आहे. हा मेलेला सोबती त्या जिवंत ताऱ्याच्या अंगावरचा वायू ओढून घेत राहतो.

ओढलेला वायू सरळ आत पडत नाही. न्हाणीघराच्या मोरीतून पाणी जसे गरगरत जाते तसा तो सोबत्याभोवती फिरत राहतो आणि त्याची एक चकती बनते. या चकतीत वायूचे थर एकमेकांवर घासतात, तापतात आणि आत आत सरकतात. अगदी आतल्या कडेशी तपमान लाखो-कोटी अंशांवर जाते. इतकी तापलेली वस्तू तांबडा किंवा पिवळा प्रकाश देत नाही. ती क्ष-किरण देते. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे हेलियम होते, तेव्हा वस्तुमानाचा शंभरातला एक हिस्साही ऊर्जेत बदलत नाही. येथे मात्र नुसत्या पडण्याने दहा टक्क्यांच्या आसपास ऊर्जा बाहेर पडते. नुसते पडणे हे निसर्गातले इतके मोठे इंधन असेल, असे मला तरी वाटले नव्हते.

ही जोडीची गोष्ट सिद्ध केली 'उहुरू' या उपग्रहाने. केनियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातल्या मंचावरून तो १२ डिसेंबर १९७० रोजी उडाला. तो केनियाचा स्वातंत्र्यदिन; म्हणून स्वाहिली भाषेतला स्वातंत्र्यवाचक शब्द त्याला दिला. सहा मिनिटांच्या जागी आता रात्रंदिवस पाहता येऊ लागले. नरतुरंग समूहातला एक स्रोत दर ४.८ सेकंदांनी लुकलुकताना दिसला आणि दर २.१ दिवसांनी सुमारे अर्धा दिवस पार नाहीसा होताना दिसला. अर्थ उघड होता: लुकलुकणारा न्यूट्रॉन तारा आपल्या थोरल्या सोबत्याच्या आड जात होता. त्याला ग्रहण लागत होते.

तिथीचे आणि अतिथी

क्ष-किरणांचे काही स्रोत घरच्या माणसांसारखे असतात. केव्हाही पाहा, आहेतच. वृश्चिकेतला पहिला हा त्यांतला. काही लेकीबाळींसारखे ठरल्या सणाला येतात. वृषभ राशीतला एक न्यूट्रॉन तारा १११ दिवसांत आपल्या सोबत्याभोवती एक लांबट फेरी घालतो. सोबत्याने आपल्याभोवती वायूचे कडे उसळून ठेवलेले असते. न्यूट्रॉन तारा त्याच्या जवळून जातो तेव्हा त्यातला वायू ओढतो आणि उजळतो. तो कधी येईल याचा अंदाज पंचांग पाहिल्यासारखा बांधता येतो. कधी कधी तो येतच नाही, ही गोष्ट निराळी.

आणि काही असतात खरे अतिथी. यांचा जिवंत सोबती लहान, बहुधा सूर्याहूनही हलका. त्याच्याकडून वायू येतो तो थेंबाथेंबाने. चकतीत तो साठत राहतो, थंड पडून राहतो. आत फारसे काही जात नाही आणि बाहेर फारसे काही दिसत नाही. वर्षे जातात. कोल्हापूरजवळच्या राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपल्याला माहीत आहेत. धरण भरत असते तोवर ते मुकाट असतात. पाणी ठरल्या पातळीला पोचले की कोणी न उघडता उघडतात आणि लोंढा सुटतो. तसेच येथे होते. चकतीतला वायू एका मर्यादेपलीकडे साठून तापला की त्यातल्या हायड्रोजनच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात, वायू एकदम अधिक चिकट होतो, आणि वर्षानुवर्षांचा साठा भराभर आत कोसळू लागतो. काही दिवसांत स्रोत लाखो पटींनी उजळतो आणि मग आठवडे, महिने घेत ओसरतो. पुन्हा थेंबाथेंबाने साठवण सुरू.

अठ्ठावन्न वर्षे पडून राहिलेली काच

या अतिथींपैकी एकाची हकीकत मला सर्वांत अधिक भिडली.

३ ऑगस्ट १९७५. 'एरियल-५' या ब्रिटिश उपग्रहाला मृग नक्षत्राच्या शेजारी, पूर्वेला, एक नवा स्रोत दिसला. त्याचे नाव ठेवले 'ए ०६२०-००'. हे नाव नव्हे, पत्ता आहे: 'ए' म्हणजे एरियल आणि पुढचे आकडे आकाशातले घर क्रमांक. आठवडाभरात हा स्रोत असा वाढला की, त्याने वृश्चिकेतल्या पहिल्यालाही मागे टाकले. सूर्य सोडला तर साऱ्या आकाशात त्याच्याइतका तेजस्वी क्ष-किरण स्रोत त्या वेळी दुसरा नव्हता. जमिनीवरच्या दुर्बिणींनाही त्या जागी एक तारा उजळलेला दिसला.

आता प्रश्न पडला: हा पूर्वी कधी येऊन गेला होता काय? १९६२ च्या आधी क्ष-किरणांचे आकाश कोणी पाहिलेच नव्हते. पण नेहमीच्या प्रकाशातले आकाश पाहिले होते, आणि नुसते पाहिले नव्हते तर जपून ठेवले होते. अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून घेतलेल्या आकाशाच्या छायाचित्रांच्या पाच लाखांवर काचपट्ट्या आहेत. त्यांतल्या ताऱ्यांची मोजदाद करायला तेथे स्त्रिया नेमल्या होत्या. हेन्रिएटा लेव्हिट, अ‍ॅनी कॅनन ही त्यांतलीच मोठी नावे. १९७५ नंतर त्या ढिगाऱ्यात शोध घेतला, तेव्हा १९१७ सालच्या काचांवर नेमक्या त्याच ठिकाणी तो तारा उजळलेला सापडला. अठ्ठावन्न वर्षे ती काच कपाटात उभी होती. ज्याने ते छायाचित्र घेतले त्याला आपण काय टिपले आहे याची कल्पना नव्हती. असायचे कारणच नव्हते. कृष्णविवर हा शब्दसुद्धा तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता.

गोष्ट येथे संपत नाही. उद्रेकाच्या वेळी चकतीचा झगमगाट इतका असतो की, तिच्याजवळचा लहान तारा त्यात हरवून जातो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांच्या लखलखाटात अंगणातली पणती दिसू नये तसा. म्हणून शास्त्रज्ञ थांबले. पाहुणा गेला, दिवे विझले, जग त्याला विसरले, तेव्हा जेफ्री मॅक्लिंटॉक आणि रॉनल्ड रेमिलार्ड या दोघांनी त्या फिकट ताऱ्याकडे दुर्बीण लावली. १९८६ साली त्यांनी निष्कर्ष जाहीर केला. तो लहानसा तारा पावणेआठ तासांत एक फेरी पुरी करतो, आणि तीही सेकंदाला चारशे किलोमीटरांहून अधिक वेगाने!

हा वेग कळतो ताऱ्याच्या वर्णपटावरून. जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी बारीक आणि दूर जाणाऱ्या गाडीची जाड ऐकू येते, तसा प्रकाशातही फरक पडतो. आणि वेगावरून वजन कसे कळते? अंधारात दोघी फुगडी घालीत आहेत अशी कल्पना करा. एक पांढऱ्या लुगड्यात, एक काळ्या. आपल्याला दिसते फक्त पांढरी. पण ती किती जोराने फिरते आणि एक गिरकी किती वेळात घेते, यावरून तिला धरून ठेवणारी काळ्या लुगड्यातली किती वजनदार असली पाहिजे, हे सांगता येईल. हिशेब निघाला तो असा की, न दिसणाऱ्या सोबत्याचे वस्तुमान सूर्याच्या तिपटीहून कमी असूच शकत नाही. न्यूट्रॉन ताऱ्याला इतके वजन पेलत नाही. तेव्हा ते कृष्णविवरच.

उद्रेकाने कळते ते फक्त कोठे पाहायचे एवढेच. काय आहे ते कळते उद्रेक संपल्यावर, शांतपणे पाहत राहिल्यावर. माणसांच्या बाबतीतही बहुधा असेच असते.

एक पैज

यापूर्वीही एका कृष्णविवराचा बोलबाला झाला होता. हंसाच्या मानेत 'सिग्नस एक्स-१' आहे. १९६४ साली रॉकेटच्या साहाय्याने तो सापडला. पुढे इंग्लंडमध्ये लुईस वेबस्टर आणि पॉल मर्डिन यांनी, तर कॅनडात टॉम बोल्टन यांनी, तेथला निळा राक्षसी तारा ५.६ दिवसांत कोणा अदृश्य सोबत्याभोवती फिरतो असे दाखवून दिले. ते कृष्णविवर आहे की नाही यावर १९७४ साली स्टीफन हॉकिंग आणि किप थॉर्न यांनी पैज मारली. आयुष्यभर कृष्णविवरांवर काम करणाऱ्या हॉकिंगनी पैज घेतली ती 'ते कृष्णविवर नाही' अशी. म्हणजे सगळे काम फुकट गेले तर निदान पैजेचे समाधान! बक्षीस होते नियतकालिकांच्या वर्गणीचे. थॉर्ननी कोणते नियतकालिक मागितले होते ते कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या दिवाळी अंकात न सांगितलेलेच बरे. १९९० साली हॉकिंगनी हार कबूल केली. २०२१ सालच्या मोजमापाप्रमाणे हे कृष्णविवर सूर्याच्या एकवीसपट जड आहे.

'कृष्णविवर' हा शब्द आपल्या घराघरांत पोचला त्याला मात्र एक मराठी माणूस कारण आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाच्या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. ही आद्याक्षरे उलटी वाचली म्हणजे जयंत विष्णू नारळीकर निघतात! हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी कथा पत्नीच्या हातून लिहून घेतली होती. पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या 'आयुका'चे ते संस्थापक-संचालक झाले. मे २०२५ मध्ये ते आपल्यातून गेले.

पाहुणा आला, यजमान नव्हते

आपल्या देशाचे आणि या अतिथींचे नाते मात्र चुकामुकीचे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९६८ सालीच हैदराबादहून फुगे सोडून वृश्चिकेतल्या स्रोताची निरीक्षणे केली होती. १९ एप्रिल १९७५ रोजी उडालेल्या 'आर्यभट' या आपल्या पहिल्या उपग्रहावर क्ष-किरणांचे उपकरण होते. चारपाच दिवसांतच वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि प्रयोग बंद ठेवावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टात तो मोठा अतिथी आला!

२०१५ साली पुन्हा तसेच. व्ही ४०४ सिग्नी जूनमध्ये भडकला. २६ जूनच्या सुमारास तो अत्युच्च तेजाला पोचला आणि जुलै लागता लागता ओसरला. आपली 'अ‍ॅस्ट्रोसॅट' ही अवकाशातली वेधशाळा श्रीहरिकोट्याहून उडाली २८ सप्टेंबरला. तीन महिन्यांचा उशीर! तिच्यावरची बरीचशी उपकरणे मुंबई आणि पुण्याच्या शास्त्रज्ञांनी बांधलेली. त्यांतले एक क्सेनॉन वायूने भरलेल्या पेट्यांचे, एक सोन्याचा पातळ मुलामा दिलेल्या आरशांचे. क्ष-किरण आरशावर सरळ पडले तर आत घुसतात. पण तळ्याच्या पाण्यावर चपटा खडा तिरका मारला म्हणजे तो उसळतो, तसे अगदी तिरके पडले तर परततात. एक उपकरण तर अशा अतिथींवर नजर ठेवायलाच दिलेले होते. पाच वर्षांच्या बेताने बांधलेल्या या वेधशाळेने त्याहून पुष्कळ अधिक काळ काम केले आणि २०१८ साली आलेल्या दुसऱ्या एका कृष्णविवराचे आतिथ्य मनापासून केले. पण जूनचा तो पाहुणा हुकला तो हुकलाच. भाचा अजून हळहळतो.

त्या जूनमध्ये आम्ही दोघे रोज रात्री गच्चीवर जात होतो. वर नुसते ढग. क्ष-किरण पाहणाऱ्या उपग्रहांना ढगांची पर्वा नसते, आम्हांला होती. पण जेथे आकाश निरभ्र होते तेथे हौशी लोकांनीही आपल्या दुर्बिणी लावल्या. जपानी शास्त्रज्ञांनी त्यांची आणि इतरांची निरीक्षणे एकत्र करून २०१६ साली दाखवून दिले की, कृष्णविवराभोवतीची ही लुकलुक अवघ्या वीस सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून डोळ्यांनीही टिपता येते. हा सारा प्रकाश निघाला होता सुमारे ७,८०० वर्षांपूर्वी.

पाहुणा गेल्यावर जुन्या नोंदी चाळल्या, तेव्हा उद्रेकाच्या काही दिवस आधीच तो तारा हळूहळू उजळू लागल्याचे आढळले. २०२४ साली तर आणखी एक नवल कळले: या घरात दोघे नव्हेत, तिघे आहेत. फार दूरवरून एक तिसरा तारा सुमारे सत्तर हजार वर्षांत त्या दोघांना फेरी घालतो. तो छायाचित्रांत वर्षानुवर्षे दिसत होता. सगळे समजत होते, असेल कोणी शेजारचा.

शांत काळातल्या निरीक्षणांनी आणखी एक मोठी गोष्ट सांगितली. चंद्रशेखरांचे नाव दिलेली 'चंद्रा' ही दुर्बीण १९९९ साली अवकाशात गेली. तिने विझलेल्या अतिथींचे उरलेसुरले क्ष-किरण मोजले. रमेश नारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, न्यूट्रॉन तारा असलेल्या जोड्या शांत काळातही बऱ्यापैकी उजळ असतात. कृष्णविवर असलेल्या त्यांच्या मानाने फारच मंद. कारण सोपे आहे. न्यूट्रॉन ताऱ्याला पृष्ठभाग आहे. पडणारे त्यावर आदळते आणि तापते. कृष्णविवराला जमीनच नाही, नुसता उंबरठा आहे. जे आत गेले ते आपली ऊर्जा घेऊनच गेले.

माझ्या टेबलावरची यादी

आता माझ्या स्वतःच्या एका अडचणीविषयी. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीवर मी आहे. गेल्या वर्षी माझ्याकडे सहीसाठी एक यादी आली: रद्द करायच्या पुस्तकांची. त्यात जुन्या मासिकांचे, साप्ताहिकांचे आणि दिवाळी अंकांचे बांधीव खंड होते. समोर शेरा: 'वीस वर्षांत वाचकाने मागणी केलेली नाही.' शेरा खरा होता. जागा अपुरी आहे, भिंतीला ओल येते, आणि संगणकाच्या खोलीसाठी मुलांची मागणी रास्त आहे. ही कारणे मी नाकारू शकत नाही. पूर्वी मी अशा याद्यांवर सह्या केल्याही आहेत.

या यादीवर मात्र माझा हात थांबला. अठ्ठावन्न वर्षांत त्या काचेचीही कोणी मागणी केली नव्हती. एकोणिसाव्या वर्षी, चाळिसाव्या वर्षी, कोणी कारकून म्हणाला असता, 'कशाला अडगळ?' तर ती फुटून गेली असती आणि १९१७ चा तो पाहुणा जगाला कधीच कळला नसता. कोणत्या खंडातले कोणते पान कोणाला हवे होईल, हे मला सांगता येत नाही. ते छायाचित्र घेणाऱ्यालाही सांगता आले नसते. समितीच्या पुढच्या सभेत मला हे बोलायचे आहे. मंडळी ऐकतील की हसतील, सांगता येत नाही.

दिवाळीच्या दिवसांत, दिवेलागणीनंतर, सातच्या सुमारास गच्चीवर जाऊन पाहा. डोक्यावर, किंचित उत्तरेकडे, हंस पंख पसरून असतो. पश्चिमेकडे खाली उतरत चाललेला ठळक तारा अभिजित, दक्षिणेकडचा श्रवण, आणि हंसाच्या शेपटीचा तारा, असा मोठा त्रिकोण शहरातूनही दिसतो. हंसाच्या मानेत हॉकिंगच्या पैजेतले कृष्णविवर आणि एका पंखापाशी आमचा पाहुणा. डोळ्यांना यांतले काहीच दिसणार नाही. पण जागा माहीत असावी.

दर दिवाळीला भाचा फराळाला येतो, तेव्हा आई त्याच्या ताटात चकली वाढता वाढता न चुकता विचारते, "काय रे, तुझा तो पाहुणा आला का परत?"

"नाही, आजी."

"कधी येणार, काही कळवलंय?"

"कळवून येत नाही तो."

"बरं," आई म्हणते, "लक्ष ठेव मात्र."